गावाकडून एच-१बीचा शिक्का: पहिल्यांदा स्टॅम्पिंगला येणाऱ्या विदर्भातल्या पोरापोरींसाठी

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. अमेरिकेत मास्टर्स केलं, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीवर, नोकरी लागली, मग कंपनीने माझ्यासाठी भरलेला एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज मंजूर झाला. स्टेटस, म्हणजे तिथे राहायची-काम करायची परवानगी, तिथल्या तिथे बदललं, पण पासपोर्टवर शिक्का जुन्या विद्यार्थी व्हिसाचाच, तोही मुदत संपलेला. २०२५च्या दिवाळीनंतर नवा शिक्का घ्यायला, म्हणजे ‘स्टॅम्पिंग’ला, घरी आलो. सुट्टी तीन आठवड्यांची होती, परत जायला सहा आठवडे लागले.

या प्रवासावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं, पण ते बहुतेक शहरातल्या पोरांनी लिहिलेलं. त्यांच्या दारात कुरिअर येतं, मुलाखतीचं ठिकाण कॅबने अर्ध्या तासावर असतं. आपल्याला आधी तालुका गाठायचा, मग जिल्हा, मग स्टेशन. आईवडिलांना फोनवर सांगताना ‘स्टॅम्पिंग’ म्हणजे काय इथपासून सुरुवात. म्हणून हे गावाकडून येणाऱ्यांसाठी लिहितोय.

१. शिक्का वेगळा, स्टेटस वेगळं

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. कंपनीच्या वकिलाने दिलेला आय-७९७ हा मंजुरीचा कागद. त्याच्या खालच्या भागात आय-९४, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, जोडलेला असेल, तर तुम्ही अमेरिकेत कायदेशीर राहताय आणि काम करताय. पासपोर्टवरचा व्हिसा हे फक्त विमानतळाच्या दारापर्यंत पोचायचं तिकीट. आत राहायला त्याची गरज नसते, पण एकदा बाहेर पडलात की त्याशिवाय सहसा परत शिरता येत नाही.

म्हणजे व्हिसाची मुदत संपली म्हणून धावत भारतात यायची गरज नाही. घरी लग्न आहे, आजीची तब्येत बरी नाही, आईबाबांना चार वर्षं पाहिलं नाही, अशी बाहेर पडायची खरी वेळ आली की शिक्का घ्यावा लागतो. नुसत्या शिक्क्यासाठी येत असाल तर पुढचा भाग वाचून मग तिकीट काढा.

२. तिकीट काढण्याआधी हे तपासा

स्टेटस बदलण्याचा अर्ज अजून मंजूर व्हायचा असेल तर देश सोडू नका. मधेच बाहेर पडलात की तो बदल सोडून दिला असं धरलं जातं. पूर्वी याचा अर्थ एवढाच होता की बाहेरून व्हिसा घेऊन परत यायचं. आता त्यात मोठी जोखीम आहे. १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेप्रमाणे, २१ सप्टेंबरपासून दाखल झालेल्या नव्या एच-१बी अर्जातला माणूस अमेरिकेबाहेर असेल तर कंपनीवर एक लाख डॉलरची रक्कम लागू होऊ शकते. स्टेटस आत बदलून मंजूर झालंय आणि नंतर फक्त शिक्क्यासाठी बाहेर पडलाय, अशांना ती लागू नाही, हे यूएससीआयएसने, म्हणजे असे अर्ज बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याने, ऑक्टोबर २०२५मध्ये स्पष्ट केलं. तुम्ही नेमके कुठल्या बाजूला आहात हे कंपनीच्या वकिलाकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं ‘हो हो, चालेल’ पुरेसं नाही.

जुन्या मित्रांचे सल्ले आता चालत नाहीत, हेही लक्षात घ्या. माझ्या सिनियर्सनी ड्रॉपबॉक्सने, म्हणजे मुलाखतीशिवाय, आठवड्याभरात शिक्का घेतला होता. २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीच्या नूतनीकरणासाठी ती सोय राहिली नाही, मुलाखत द्यावी लागते. आणि त्याच महिन्यात असाही नियम आला की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करायचा. भारतात तारीख नाही म्हणून दुसऱ्याच एखाद्या देशात चार दिवस जाऊन शिक्का घेऊन यायचा, ही वाट त्यामुळे बंद झाली.

डिसेंबर २०२५मध्ये काय झालं तेही सांगतो. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४च्या (एच-१बीवाल्याच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासायला सुरुवात झाली. भारतातल्या अनेकांच्या डिसेंबरच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. बल्लारपूरचा माझा एक मित्र तेव्हा विमानात होता. उतरल्यावर ईमेल पाहिला तर तारीख मार्चमध्ये गेलेली. जुन्या तारखेला जाऊन उभं राहिलं तरी आत घेत नाहीत. ज्याची तारीख बदलली त्याने नवीनच तारखेला जायचं.

म्हणून माझा आग्रह एवढाच: परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आणि मॅनेजरला ‘तीन आठवडे’ असं पक्कं सांगू नका. लांबलं तर भारतातून काम करता येईल का, कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर नेता येतो का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. काही कंपन्या याला सरळ नाही म्हणतात, आणि मग तुमची रजा बिनपगारी होते.

३. पासपोर्ट किती दिवस चालणार?

हे सापळ्यासारखं आहे आणि कोणी सांगत नाही. परत आत जाताना विमानतळावरचा अधिकारी आय-९४ची तारीख ठरवतो. तुमचा एच-१बी २०२८पर्यंत मंजूर असेल, पण पासपोर्ट २०२७ला संपत असेल, तर आय-९४ बहुतेक वेळा पासपोर्टच्या तारखेलाच तोडतात. लक्षात आलं नाही तर दीड वर्षाने अचानक तुम्ही मुदतीबाहेर.

पासपोर्टला वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर अमेरिकेत असतानाच नवा करून घ्या. ‘गावी जाऊन नागपूरला करू’ असं मनात आणू नका. इथे पोलीस पडताळणी आपल्या ठाण्यातून होते. हवालदार येणार, तुम्ही नेमके तेव्हा मुलाखतीला गेलेले, मग पुन्हा चक्कर. सहा वर्षं गावात नसलेल्या माणसाबद्दल शेजाऱ्यांना विचारत बसणार. एवढा वेळ या प्रवासात नसतो. जुना पासपोर्ट मात्र जपून ठेवा, त्यातला जुना व्हिसा मुलाखतीला दाखवावा लागतो.

४. डीएस-१६० फॉर्म: दोन संध्याकाळी द्या

हा व्हिसा अर्जाचा ऑनलाइन फॉर्म अमेरिकेतच, चांगल्या नेटवर, शांतपणे भरा. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर तो बाहेर काढतो. सुरुवातीलाच अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा आणि प्रत्येक पानाला सेव्ह करा. गावी येऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरायला बसाल तर डोकं फिरेल.

आपल्या लोकांना जिथे अडतं तेवढ्या जागा सांगतो.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. वानखेडे कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने. देवतळे एका मार्कशीटवर ‘ई’ ‘ओ’ने तर दुसऱ्यावर ‘ई’ ‘व्ही’ने. दहावीच्या सनदेवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर फॉर्ममध्ये पासपोर्टचं लिहा, आणि दुसऱ्या नावाने ओळखले जात होतात का या प्रश्नाला खरं उत्तर द्या.

आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. गावाकडे ही मोठीच भानगड. शाळेत मास्तरांनी टाकलेली १ जुलै, आधारवर १ जानेवारी, आणि आई म्हणते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. त्यांच्या पासपोर्टवर किंवा आधारवर जी आहे ती लिहा आणि पुढेही कायम तीच वापरा. कुठेच नसेल तर माहीत नाही असा पर्याय फॉर्ममध्ये असतो. अंदाजाने ठोकू नका. उद्या आईवडिलांचा पर्यटक व्हिसा काढाल तेव्हा तारखा जुळायला हव्यात.

तुम्ही एखाद्या जमातीचे आहात का, असाही प्रश्न आहे. गोंड, कोरकू, कोलाम, माडिया मित्रांनो, तो पाहून घाबरू नका. जे खरं आहे ते लिहा.

सोशल मीडिया: गेल्या पाच वर्षांत वापरलेली सगळी खाती. अकरावीत ‘रॉयल’ नावाने उघडलेलं फेसबुक अजून चालवत असाल तर तेही. आता ही खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. ऐनवेळी खातं पुसून टाकणं आणि फॉर्ममध्ये न दाखवणं, या दोन्ही गोष्टी माझ्या मते सगळ्यात वाईट. लपवलेलं सापडलं तर प्रश्न पोस्टचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म भरून देणारे भेटतील. त्यांच्याकडून प्रिंट जरूर काढा, फॉर्म भरून घेऊ नका. बटण कोणीही दाबलं तरी जबाबदारी तुमची असते. आणि ज्या डीएस-१६०च्या क्रमांकावर तारीख घेतली, तोच फॉर्म छापून न्या. नंतर चूक दिसली म्हणून नवा भरला तर नवा क्रमांक अपॉइंटमेंटच्या खात्यातही बदलावा लागतो.

५. मुंबई की हैदराबाद?

आपण महाराष्ट्रातले म्हणून मुंबईलाच जायला हवं असं नाही. अमेरिकेची व्हिसा कार्यालयं भारतात दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला आहेत, आणि देशातल्या कुठल्याही ठिकाणी तारीख घेता येते. आपल्याकडच्यांनी नकाशा उघडून बघावा. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळचा पांढरकवड्याकडचा भाग, हिंगणघाट, इथल्यांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. सप्टेंबर २०२४पासून नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत धावते, ती सेवाग्राम, चंद्रपूर आणि बल्लारशाला थांबते. सकाळी बसलं की दुपारी पोचतो. अकोला, बुलढाणा, वाशीमवाल्यांना मुंबई सोपी, रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं. मुंबईचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, हैदराबादचं नानकरामगुड्याला.

मी सेवाग्रामहून हैदराबादला गेलो.

दोन वेगवेगळ्या भेटी असतात हे विसरू नका. आधी बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचं केंद्र, मग वाणिज्य दूतावासात मुलाखत. बहुतेक वेळा लागोपाठच्या दिवशी. म्हणजे शहरात निदान दोन रात्री. ठशांच्या आदल्या संध्याकाळीच पोचा. रात्रीच्या गाडीने उतरून थेट खिडकीवर जायचा हिशेब करू नका, गाडी चार तास लेट झाली तर तारीख गेली. पावसाळ्यात येत असाल तर गावाच्या नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होतो तेही धरा. एक दिवस आधीच तालुक्याला मुक्काम केलेला बरा.

अर्जाची फी एच-१बीसाठी २०५ डॉलर, रुपयांत भरायची. भारतातलं जुनं सिम बंद पडलेलं असतं आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्याआधी भावाबहिणीला सांगून नंबर चालू करून ठेवा. अमेरिकेच्या नंबरचं रोमिंगही सुरू ठेवा, तिकडच्या बँकेचं सगळं त्यावरच आहे.

६. कागदांची पिशवी

प्लास्टिकची पारदर्शक फाइल घ्या, कागद याच क्रमाने लावा:

- चालू पासपोर्ट आणि सगळे जुने पासपोर्ट
- डीएस-१६०ची बारकोड असलेली पावती आणि अपॉइंटमेंटचं पत्र
- २ इंच बाय २ इंच फोटो, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय
- आय-७९७, शक्यतो मूळ प्रत
- कंपनीने दाखल केलेला एच-१बीचा पूर्ण आय-१२९ अर्ज आणि त्यासोबतचा एलसीए (पगार आणि कामाच्या अटींचा कागद)
- कंपनीचं ताजं पत्र: पद, पगार, कामाचं ठिकाण
- दुसऱ्या कंपनीच्या जागेवर काम करत असाल तर त्या क्लायंटचं पत्र
- गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद)
- पदव्या, गुणपत्रिका, बायोडेटा

फोटो स्टुडिओत काढताना ‘पासपोर्ट साईज’ म्हणू नका. तो सवयीने साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा काढून देतो. मोजून चौकोनी, दोन इंच, असं सांगा.

बायको किंवा नवरा एच-४वर असेल तर लग्नाचा दाखला लागतो. गावातल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे होते. पुष्कळांनी ती केलेलीच नसते, पत्रिका आणि अल्बम एवढाच पुरावा. ते काम आधी घरच्यांकडून सुरू करून घ्या. दाखला हातात आला की त्यावरचं दोघांचं नाव पासपोर्टशी ताडून बघा. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि दाखल्यावर सासरचं नाव, असं झालं तर खिडकीवर समजावत बसावं लागतं.

७. मुलाखतीचा दिवस

मोबाईल, घड्याळ, बॅग काहीही आत नेऊ देत नाहीत. बाहेर सामान ठेवून देणारे असतात, पण सोबत कोणी असेल तर उत्तम. रांग लांब, मुलाखत छोटी. कोणती कंपनी, काय काम करता, पगार किती, कुठे शिकलात. मला साताठ प्रश्न विचारले. पाठ केलेलं बोलू नका. तुम्ही रोज जे काम करता ते साध्या इंग्रजीत दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे, एवढीच तयारी मी आरशासमोर केली होती.

८. स्लिप हातात पडली तर

माझी चूक इथे झाली. मी क्लायंटच्या जागेवर काम करतो आणि त्यांचं पत्र मी मागितलंच नव्हतं. कंपनीचं पत्र आहे ना, भागेल, असं वाटलं. खिडकीतल्या अधिकारी बाईंनी ते विचारलं, माझ्याकडे नव्हतं. त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक कागद दिला. त्यावर कलम २२१(जी) आणि कोणते कागद कसे पाठवायचे ते. अर्थ एवढाच की निर्णय थांबला आहे, माहिती द्या.

त्या रात्री उशिरा घरी पोचलो. ओट्यावर कापसाची गाठोडी पडलेली, बाबा दिवसभराची वेचणी मोजत होते. धाकट्या भावाने माझ्या आधीच मोबाईलवर केसचा नंबर टाकून बघितला होता. स्क्रीनवर इंग्रजीत एकच ठळक शब्द: रिफ्यूज्ड. तो काही बोलला नाही, फोन बाबांच्या हातात दिला. शेजारचे काका शिकलेले, त्यांनी वाचून सांगितलं, नाकारलं म्हणून. बाबांच्या एका हातात ताणकाटा तसाच लोंबकळत होता. ‘म्हंजे नाही भेटला काय रे बावा?’ एवढंच त्यांनी विचारलं. शिक्षणाचं कर्ज अजून अर्धं बाकी होतं, त्यांच्या डोक्यात तेच चालू असणार.

२२१(जी)मध्ये तो शब्द तसाच दिसतो, हे मला माहीत होतं. घरी सांगितलं नव्हतं. कागद पोचून तपासणी संपेपर्यंत तिथे ‘रिफ्यूज्ड’च राहतं आणि मंजूर झालं की ‘इश्यूड’ होतं. हे घरच्यांना मुलाखतीच्या आधीच नीट बसून सांगा. आईला, बाबांना, आणि मोबाईल चालवणाऱ्या भावाला सगळ्यात आधी. पुढचे तेवीस दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही, आणि त्यातला निम्मा त्रास मी आधी बोललो असतो तर झाला नसता.

स्लिप मिळाल्यावर करायचं काम थोडंच असतं. त्याच दिवशी वकिलाला स्लिपचा फोटो पाठवा. जे मागितलंय तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने द्या. पन्नास पानं जादा जोडू नका. रोज ईमेल करून विचारल्याने काही हलत नाही. एजंट फोन करेल, ‘आतून करून देतो’ म्हणेल. आतून काहीही होत नसतं, पैसे देऊ नका.

तिकडचं घरभाडं, गाडीचा हप्ता, विजेचं बिल आपोआप जाईल अशी व्यवस्था करून आला असाल तर हे दिवस निभतात. माझ्या रूममेटकडे किल्ली होती, त्याने पोस्टाच्या पेटीतली पत्रंही बघितली. तेवढं कोणावर तरी सोपवून या.

९. पासपोर्ट परत घेणं

तारीख घेताना पासपोर्ट कुठे हवा ते निवडावं लागतं: केंद्रावरून स्वतः घेणार की पैसे भरून घरपोच. गावाचा पत्ता टाकू नका असं मी सांगेन. पिनकोड तालुक्याचा, कुरिअरवाला तालुक्यापर्यंतच येतो, फोन लागला नाही तर पाकीट परत. मी केंद्रावरून उचलायचं ठेवलं होतं. पुन्हा एक रेल्वेप्रवास पडला, पण पासपोर्ट माझ्या हातात आला. स्वतः जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकारपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती देऊन पाठवता येतं.

मिळाल्याबरोबर, केंद्राच्या दारातच, व्हिसाचं पान वाचा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, कंपनीचं नाव, खाली लिहिलेली एच-१बीची शेवटची तारीख. एक अक्षर चुकलं तरी तिथूनच दुरुस्तीला द्या. त्यानंतरच परतीचं तिकीट पक्कं करा.

१०. परत आत जाताना

आय-७९७, कंपनीचं पत्र आणि दोन पगारपावत्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नाही. लोणच्याची बरणी, तिखट, मोहाची फुलं जे काही आईने बांधून दिलं असेल ते विमानतळावर खरं सांगा.

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सरकारी संकेतस्थळावरून नवा आय-९४ डाउनलोड करा. त्यात एच-१बी लिहिलंय ना आणि शेवटची तारीख आय-७९७शी जुळते ना, ते बघा. जुळत नसेल तर जवळच्या विमानतळावरच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयाशी लगेच बोला, अधिकाऱ्याची चूक असेल तर ते दुरुस्त करून देतात. पासपोर्टमुळे तारीख तोडली असेल तर वकिलाला सांगून ती वाढवायची तयारी त्याच आठवड्यात सुरू करा. आय-९४ची एक प्रत कंपनीच्या एचआरला पाठवा, आणि एक घरी भावाच्या मोबाईलवर.